लॅपटॉपवर चालतं, फोनवर फसतं: कर्नलमध्ये मेमरी बॅरियर कोणता निवडायचा?

सध्याच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आठ कोअरचा प्रोसेसर असतो, हे तुम्ही फोन घेताना वाचलेलं असेलच. आठ कोअर म्हणजे एकाच मेमरीवर एकाच वेळी काम करणारे आठ कामगार. एक लिहितो, दुसरा वाचतो. इथपर्यंत सोपं आहे. पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं, त्याच क्रमाने ते दुसऱ्या कोअरला दिसेल याची हमी नसते.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो. त्यात कुणी ड्रायव्हर लिहिला, इंटेलच्या लॅपटॉपवर हजार वेळा तपासला आणि सगळं बरोबर आलं, तरी तोच कोड एआरएम प्रोसेसरच्या फोनवर कधीतरी एकदा चुकीचा डेटा वाचू शकतो. एरर येईलच असं नाही. नेट अडकतं, कॅमेरा गोठतो, फोन रीस्टार्ट केला की पुन्हा ठीक. असा दोष शोधणं फार अवघड. तो येऊच नये म्हणून कर्नलमध्ये मेमरी बॅरियर वापरतात. बॅरियर अनेक प्रकारचे आहेत आणि खरा प्रश्न ‘कोणता निवडायचा’ हा आहे. आज तेच समजून घेऊया.

डेअरीचं उदाहरण

अकोले तालुक्यात घरोघरी दूध आहे, त्यामुळे सकाळचं संकलन केंद्र इथल्या मुलांनी पाहिलेलं असतं. समजा एका केंद्रावर दोन माणसं आहेत. एक काट्यावर, दुसरा खिडकीत पावती करणारा. दोघांच्या मध्ये एक फळा. काट्यावरचा माणूस फळ्यावर आधी लिटर लिहितो, मग शेजारी ‘तयार’ अशी खूण करतो. खिडकीवाला खूण बघतो, मग लिटर वाचून पावती फाडतो.

कोडमध्ये हेच असं दिसेल:

कोअर १:
लिटर = १२
तयार = १

कोअर २:
जर तयार == १ असेल तर
बिल = लिटर × दर

वाचायला एकदम बरोबर वाटतं. आता दोन ठिकाणी गडबड कशी होते ते बघा.

पहिली गडबड लिहिण्याच्या बाजूला. काट्यावरचा माणूस घाईत आहे. तो स्वतः फळ्यापर्यंत जात नाही, चिठ्ठ्या लिहून बाजूला ठेवतो आणि पोऱ्या त्या फळ्यावर उतरवतो. पोऱ्याने ‘तयार’ची चिठ्ठी आधी उतरवली, ‘१२ लिटर’ची नंतर. मधल्या क्षणी फळ्यावर आधीच्या माणसाचे ८ लिटर आहेत आणि शेजारी खूण आहे. पावती ८ लिटरची फाटली. ४ लिटरचे पैसे गेले.

दुसरी गडबड वाचण्याच्या बाजूला. खिडकीवाला हुशार आहे. खूण होईपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून तो लिटरचा आकडा आधीच डोक्यात घेऊन ठेवतो. नंतर खूण दिसते आणि तो डोक्यातला जुना आकडा वापरतो. इथे काट्यावरच्या माणसाने सगळं क्रमाने केलं असलं तरी पावती चुकते.

पोऱ्याकडच्या चिठ्ठ्या म्हणजे कोअरचा स्टोअर बफर. कॅशेपर्यंत जायला वेळ लागतो म्हणून कोअर लिहायच्या गोष्टी आधी इथे ठेवतो. आकडा आधीच वाचून ठेवणं म्हणजे स्पेक्युलेशन, अर्थात पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून आधीच केलेलं काम. दोन्ही युक्त्या वेगासाठी आहेत. त्या बंद केल्या तर फोन रडतखडत चालेल.

एक लक्षात ठेवा: ‘जर तयार असेल तर वाच’ असं लिहिलं म्हणून वाचणं नंतरच होईल असं नाही. कोअर अटीचा निकाल लागायच्या आधीच पुढचं वाचन उरकू शकतो.

कंपाइलर पण क्रम बदलतो

कोअरच्याही आधी कंपाइलर आहे. त्याला एका वेळी एकच धागा दिसतो. लिटर आणि तयार यांचा आपसात संबंध नाही असं वाटलं, तर तो त्यांची जागा बदलतो, दोनदा वाचायचं एकदाच वाचतो, कधी वाचन लूपच्या बाहेर नेतो. म्हणून कर्नलमध्ये लॉकशिवाय वाटून घेतलेल्या साध्या व्हेरिएबलला रीड_वन्स आणि राइट_वन्स या मॅक्रोंनी हात लावतात. ते कंपाइलरला सांगतात की हे वाचन किंवा लेखन गाळू नकोस, तुकडे करू नकोस, परत परत करू नकोस. पण दोन वेगवेगळ्या व्हेरिएबलमधला कोअरचा क्रम त्यांनी बांधला जात नाही. सी भाषेतल्या ‘व्होलाटाइल’चंही तसंच आहे. ‘व्होलाटाइल लावलं, झालं काम’ हा समज इथेच मोडतो.

बॅरियर म्हणजे काय, आणि काय नाही

मेमरी बॅरियर म्हणजे कोडमधली रेघ. रेघेच्या आधीचं काम रेघेनंतरच्या कामाच्या आधीच दिसलं पाहिजे, एवढंच ती सांगते.

बॅरियर लावला की डेटा ‘लगेच’ मेमरीत जातो, हा मोठा गैरसमज आहे. बॅरियर वेळ ठरवत नाही, क्रम ठरवतो. भंडारदऱ्याहून सुटलेलं प्रवरेचं पाणी निळवंडे धरण ओलांडल्याशिवाय ओझरच्या बंधाऱ्यावर पोचत नाही. किती वाजता पोचेल ते वेगळं, पण आधी निळवंडे, मग ओझर, हे पक्कं. बॅरियरची हमी तेवढीच असते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅरियर जोडीने लागतो. काट्यावर शिस्त आणली पण खिडकीवाला जुना आकडा डोक्यात घेऊन बसला, तर उपयोग शून्य. उलटही तसंच. कुठे एकटा बॅरियर दिसला की पहिला प्रश्न विचारा: याचा जोडीदार कुठे आहे? कर्नलची चेकपॅच ही स्क्रिप्ट बॅरियरशेजारी कमेंट नसेल तर इशारा देते. चांगल्या कमेंटमध्ये हेच लिहिलेलं असतं: कोणत्या दोन गोष्टींचा क्रम बांधलाय आणि समोरचा बॅरियर कोणत्या फंक्शनमध्ये आहे.

लॅपटॉपवर का चालतं?

इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर बऱ्यापैकी शिस्तीचे आहेत. एका कोअरची दोन लेखनं दुसऱ्याला क्रमाने दिसतात, दोन वाचनंही क्रमाने झाल्यासारखी दिसतात. सुटते ती एकच जोडी: आधी लेखन आणि मग दुसऱ्याच जागेचं वाचन. इथे वाचन पुढे निघू शकतं.

एआरएम जास्त मोकळा आहे. लेखन-लेखन, वाचन-वाचन, वाचन-लेखन, लेखन-वाचन, या चारही जोड्या तो उलटसुलट करू शकतो. म्हणजे आपला डेअरीचा कोड कंपाइलरने मधे काही केलं नाही तर इंटेलच्या लॅपटॉपवर बॅरियर नसतानाही बरोबर चालेल. फोनवर त्याची खात्री नाही. ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ हा पुरावा इथे कामाचा नाही.

आता निवड: सोप्याकडून अवघडाकडे

१. आधी लॉक. दोन्ही बाजू एकच स्पिनलॉक किंवा म्युटेक्स घेत असतील तर वेगळा बॅरियर लागत नाही. लॉक घेताना आणि सोडताना लागणारा क्रम लॉकमध्येच आहे. अट एकच: दोघांनी तोच लॉक घ्यायला हवा. एकाने लॉक घेतला आणि दुसरा तसाच वाचून गेला, तर ती हमी संपली. नव्याने शिकणाऱ्याने इथेच थांबावं, लॉक खरंच महाग पडतोय हे मोजून दिसल्यावरच पुढे जावं.

२. मग रिलीज आणि अॅक्वायर. डेअरीसारखा व्यवहार असेल, म्हणजे आधी माल भरायचा आणि मग झेंडा दाखवायचा, तर ही जोडी निवडा. लिहिणारा झेंडा एसएमपी_स्टोअर_रिलीजने लावतो: याच्या आधी केलेलं सगळं झेंड्याच्या आधी दिसेल. वाचणारा झेंडा एसएमपी_लोड_अॅक्वायरने वाचतो: याच्या पुढचं सगळं झेंडा वाचल्यानंतरच होईल. आपला कोड असा होतो:

कोअर १:
लिटर = १२
रिलीजने लिही: तयार = १

कोअर २:
जर अॅक्वायरने वाचलेलं तयार == १ असेल तर
बिल = लिटर × दर

कर्नलच्या रिंग बफरमध्ये नेमकी हीच पद्धत आहे. माल टाकणारा आधी खाना भरतो, मग ‘हेड’ रिलीजने पुढे सरकवतो. माल घेणारा हेड अॅक्वायरने वाचतो आणि मगच खाना उघडतो. ६४ बिटच्या एआरएमवर यासाठी एसटीएलआर आणि एलडीएआर या खास सूचना आहेत. इंटेलवर साधं लेखन आणि साधं वाचन पुरतं, फक्त कंपाइलरला आवरावं लागतं. या जोडीचा आणखी एक फायदा: क्रम कोणत्या व्हेरिएबलला चिकटलाय ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

पॉइंटरमधून नवा माल दाखवायचा असेल तर आरसीयूची तयार फंक्शनं आहेत. आरसीयू_असाइन_पॉइंटर हे आतून रिलीजच आहे. वाचणारा आरसीयू_डीरेफरन्स वापरतो. आधी पत्ता हातात आल्याशिवाय त्या पत्त्यावर जाता येत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला एआरएमवरही वेगळी बॅरियर सूचना लागत नाही.

३. राइट बॅरियर आणि रीड बॅरियर. एसएमपी_डब्ल्यूएमबी फक्त लेखनांचा आपसातला क्रम बांधतो, एसएमपी_आरएमबी फक्त वाचनांचा. जुन्या कोडमध्ये ही जोडी खूप दिसेल. झेंडा एकच नसून बरीच लेखनं एकीकडे आणि बरीच दुसरीकडे असतील तेव्हा ती आजही सोयीची आहे. पण राइट बॅरियर वाचनं अडवत नाही, हे विसरू नका.

४. शेवटी पूर्ण बॅरियर, एसएमपी_एमबी. हा चारही जोड्या बांधतो. सगळ्यात ताकदवान, म्हणून सगळ्यात महाग. मग सगळीकडे हाच का नाही लावायचा? एक तर वेग आणि बॅटरी. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ‘खात्रीसाठी’ लावलेला पूर्ण बॅरियर पुढच्या माणसाला काहीच सांगत नाही. नेमका कोणता क्रम हवा होता हेच लपून जातं, आणि जोडीदार नसेल तर खात्रीही खोटी असते.

पूर्ण बॅरियरच लागतो अशी जागा

एक धागा काम नाही म्हणून झोपणार आहे. तो ‘मी झोपतोय’ असं लिहितो, मग काम आलंय का ते वाचतो. नसेल तर झोपतो. दुसरा कोअर ‘काम आलं’ असं लिहितो, मग तो धागा झोपलाय का ते वाचतो. झोपला असेल तर उठवतो.

दोघंही आधी स्वतःचं लिहितात आणि मग दुसऱ्याचं वाचतात. दोघांच्या चिठ्ठ्या पोऱ्याकडेच राहिल्या तर? पहिल्याला काम दिसत नाही, तो झोपतो. दुसऱ्याला तो जागा दिसतो, म्हणून तो उठवत नाही. काम पडून, धागा झोपलेला. फोनवर आपल्याला फक्त ‘अडकलंय’ एवढंच दिसतं.

इथे रिलीज-अॅक्वायर कामाचं नाही, कारण आधीचं लेखन आणि नंतरचं वाचन हा क्रम ते बांधत नाही. राइट बॅरियरही नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण बॅरियर हवा. आणि हा दोष इंटेलच्या लॅपटॉपवरही येतो, कारण सुटणारी ती एकच जोडी हीच.

कर्नलने याची सोय केलेली आहे. झोपण्याआधी स्थिती बदलणारं सेट_करंट_स्टेट आपल्या पोटात पूर्ण बॅरियर घेऊन येतं, आणि उठवणारं फंक्शनही स्थिती वाचण्याआधी लागणारा क्रम सांभाळतं. गडबड होते ती ‘कुणी वाट बघतंय का ते आधीच पाहू, नसेल तर उठवायचा खर्च वाचेल’ असं म्हणून लॉक न घेता वेटक्यू_अॅक्टिव्ह वापरतात तेव्हा. तिथे आधी स्वतः एसएमपी_एमबी लावावा लागतो.

समोर कोअर नसून हार्डवेअर असेल तर?

एसएमपीने सुरू होणारे बॅरियर कोअर-कोअरमधल्या व्यवहारासाठी आहेत. एकाच कोअरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये ते फक्त कंपाइलरपुरते उरतात. वायफाय चिप किंवा स्टोरेज कंट्रोलर मात्र कोअर एक असला तरी समोर असतोच. त्यांच्यासाठी एसएमपी प्रकार वापरणं ही चूक आहे.

पॅकेटची माहिती मेमरीत भरली आणि ‘हे आता तुझं’ अशी मालकीची खूण लिहायची असेल, तर दोन्हींच्या मध्ये डीएमए_डब्ल्यूएमबी येतो. मग डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहून घंटा वाजवायची असेल तर राइटएल वापरा. आधी मेमरीत लिहिलेलं डिव्हाइसला घंटेच्या आधी दिसेल याची काळजी ते घेतं. राइटएल_रिलॅक्स्ड ती काळजी घेत नाही. वेग मिळतो, जबाबदारी तुमची.

पवईतून गेलेला एक धागा

हे नियम कुणीतरी नीट मांडले म्हणून आज आपल्याला सोपे वाटतात, आणि त्या गोष्टीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. सरिता अडवे यांनी १९८७ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून पीएचडी केली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये ‘सगळ्यांना एकच क्रम दिसावा’ ही सरळ कल्पना मांडली होती. पण ती जशीच्या तशी पाळली तर हार्डवेअर हळू होतं. १९९० मध्ये अडवे आणि मार्क हिल यांनी मधला रस्ता सुचवला: प्रोग्रामरने झेंड्याच्या जागा स्पष्ट सांगाव्यात आणि बाकी डेटावर एकाच वेळी झटापट होऊ देऊ नये. एवढं पाळलं तर हार्डवेअर त्याला तो सरळ क्रम दिसेल अशी हमी देईल.

हाच करार पुढे जावा आणि सी++ या भाषांच्या मेमरी मॉडेलचा पाया झाला आणि दोन्ही कामांत अडवे होत्या. तुम्ही जावा किंवा कोटलिनमध्ये अँड्रॉइड अॅप लिहीत असाल तर त्याचा फायदा तुम्हाला रोज मिळतो. जावातलं ‘व्होलाटाइल’ सीसारखं नाही, ते क्रमाचीही हमी देतं.

लिनक्स कर्नलचे नियम मात्र स्वतःचे आहेत. २००६ पासून ते मेमरी-बॅरियर्स नावाच्या दस्तऐवजात शब्दांत लिहिलेले आहेत, आणि २०१८ पासून कर्नलसोबत त्यांचं गणिती मॉडेलही येतं. हर्ड नावाच्या टूलला छोटा कोड दिला की मॉडेलनुसार चुकीचा निकाल शक्य आहे की नाही ते ते सांगतं. अशा छोट्या कोडला लिटमस टेस्ट म्हणतात.

निवडताना स्वतःला विचारा

- हे काम लॉकने होईल का? होत असेल तर लॉक.
- नेमक्या कोणत्या दोन वाचन-लेखनांचा क्रम हवाय? बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.
- समोर कोण आहे, दुसरा कोअर की डिव्हाइस?
- माल आणि झेंडा असा व्यवहार आहे का? मग रिलीज-अॅक्वायर.
- दोन्ही बाजू आधी लिहून मग दुसऱ्याचं वाचतात का? मग पूर्ण बॅरियर, दोन्हीकडे.
- जोडीदार कुठे आहे? कमेंटमध्ये लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर बॅरियर निवडायची वेळच आलेली नाही. आधी कोड समजून घ्या.

स्वतःच्या फोनवर करून बघा

रूट न करता टर्मक्स अॅपमध्ये सी कंपाइलर टाकता येतो. दोन थ्रेड करा, लिटर आणि तयार ही दोन अॅटॉमिक व्हेरिएबल रिलॅक्स्ड प्रकाराने लिहा-वाचा, दोघांमध्ये कॅशे लाइनपेक्षा जास्त, म्हणजे निदान १२८ बाइटचं अंतर ठेवा आणि प्रत्येक वेळी दोन्ही शून्य करून काही लाख वेळा चालवा. ‘तयार १ पण लिटर ०’ किती वेळा आलं ते मोजा. मग झेंडा रिलीज-अॅक्वायर करा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी आकडा शून्यच यायला हवा.

पहिल्या वेळीही शून्य आला तर कोड बरोबर आहे असं समजू नका. फक्त त्या फोनवर, त्या दिवशी ते दिसलं नाही. मधे प्रिंट टाकला तरी दोष गायब होऊ शकतो, कारण वेळ बदलते. म्हणून कर्नलमध्ये केसीएसएएन नावाचं टूल वापरतात. ते बॅरियरशिवाय चाललेली झटापट पकडतं, आणि २०२२ पासून काही विसरलेले बॅरियरही दाखवतं. टूल वापराच, पण प्रत्येक बॅरियरशेजारी त्याच्या जोडीदाराचं नाव लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. सहा महिन्यांनी तो कोड उघडणाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा तुम्हालाच, त्या एका ओळीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.